हंगामात फोन करायचा नाही

धुळे
१८ नोव्हेंबर २०२४

असलम,

जय जिनेंद्र. हंगाम सुरू झालाय, तेव्हा तुझा-माझा फोन बंद. गेल्या शुक्रवारी तू नियम मोडून फोन केलास आणि शनिवारी आपण ठाण्याकडून एकोणीस गुणांनी हरलो. पंचांना मी एका शब्दानेही बोललो नाही. दोष तुझा आहे.

विसरला असशील तर पुन्हा लिहितो. मागच्या साली तुझ्या भंवरीवहिनीच्या हातून माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला, म्हणून मी तुला पत्र टाकलं. तिथून आपले पांझरा पँथर्स ओळीने सात सामने जिंकले. आठव्या सामन्याच्या सकाळी तुला राहवलं नाही, तू दुकानाच्या नंबरवर फोन केलास, आणि आपण प्लेऑफच्या दारातून घरी आलो. तेव्हा ठरलं की पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत तू मला आणि मी तुला फोन करायचा नाही. बायका-पोरींच्या फोनवरून निरोपही नाही. जे असेल ते पाकिटात. जळगावातला गादीवाला आणि धुळ्यातला भांडीवाला, दोघं बासष्ट वर्षांचे, आणि पोस्टमनची वाट बघत बसतात. लोक हसतात, हसू देत.

आता कालचं. सांगलीविरुद्ध तुझ्या भाच्यानं जे केलं ते तू टीव्हीवर पाहिलंस, मी दहा हातांवरून पाहिलं. तिसरी चढाई होती, गुण आणला नाही तर बाद. समोर सांगलीचे पाच जण हात धरून साखळी करून उभे. रेहान सरळ आत गेला, साखळी आवळली. आणि हा पोरगा गुडघे मोडून त्यांच्या हातांखालून निघाला, मी रोज अर्ध्या पाडलेल्या शटरखालून निघतो तसा. फरक एवढाच की मी नंतर कंबर धरून उभा राहतो आणि तो मध्यरेषा पार करून गेला. चार गुण. धुळ्यात आता पोरं गल्लीत 'रेहानची डुबकी, रेहानची डुबकी' करत लोळतात आणि आया मला शिव्या देतात.

बाकी संघाचं काय सांगू. हिलालचं वय झालं, डाव्या कोपऱ्यात त्याच्या हाताला नुसता वारा लागतो. कप्तान चुडामण एकटा किती ओढणार. आणि तो धुळ्याचा सुपडू, राखीव चढाईपटू म्हणे. बोनस घ्यायचा आणि घरी पळायचं, एवढंच त्याला येतं. बारा संघांत आपण नववे आहोत. पहिल्या चारात यायचं तर रेहानच आणील.

पोरगा दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे जेवतो. त्याच्या आईला, साबेराला सांग, काळजी करू नको म्हणावं.

पुखराज


जळगाव
२३ नोव्हेंबर २०२४

पुखराजशेठ,

सलाम. पत्र मिळालं. शुक्रवारी मी फोन केला तो तुझ्या वाढदिवसाचा होता. ते तू सोयीस्कर विसरलास. असो, कबूल, आता नाही करणार.

हिलालबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला तुझ्या चष्म्याची काळजी वाटली. ठाण्याच्या सामन्यात त्यानं शेवटी घोटा धरून जी पकड केली ती पुन्हा लावून बघ. त्याचा हात उशिरा येतो, पण आला की सुटत नाही. तुला फक्त चढाईवाले दिसतात. तू खेळायचास तेव्हाही तसंच होतं. पकड करायची वेळ आली की तुझ्या बुटाची नाडी सुटायची.

डुबकीचं म्हणशील तर ती स्टेडियममध्ये जन्मली नाही. माझ्या दुकानामागे दोरीवर रजया वाळत असायच्या, सात वर्षांचा रेहान त्यांच्याखालून पळायचा. डोकं रजईला लागलं की बाद, असा त्याचा स्वतःचाच नियम. तेव्हा मी ओरडायचो, कारण कापड मळायचं.

साबेरा सामना बघत नाही. टीव्हीकडे पाठ करून खोळी शिवत बसते आणि मला विचारते, उठला का? प्रत्येक चढाईला तेच. गुण किती झाले हे तिला कधीच ठाऊक नसतं. पोराचा बाप गेल्यापासून तिचं सगळं त्या एका पोरावर आहे, तुला वेगळं सांगायला नको. सेमीफायनलला रेल्वेचे निवडवाले येणार आहेत. खेळाडू कोट्यातून दोन जागा आहेत, भुसावळला. रेहान त्यात लागला तर माझी बहीण मशीनवरून उठेल. म्हणून मला यंदा प्लेऑफ पाहिजे, तुझ्यासारखं फटाक्यांसाठी नाही.

मी धुळ्याला येऊन सामना बघत नाही हे तुला माहीत आहे. मी आलो की आपण हरतो, दोनदा झालंय. तेव्हा तिथे तूच माझ्या जागी. त्याच्यावर लक्ष ठेव. काही असलं तर मला लिही, गोड करून लिहू नको.

असलम


धुळे
४ डिसेंबर २०२४

असलम,

चारपैकी चार. बघ पाकिटाची ताकद. आपण आता पाचवे आहोत आणि कोल्हापूरकरांचं तोंड रविवारी बघण्यासारखं होतं.

शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी. रेहान गेला, पुन्हा साखळी, पुन्हा डुबकी. या वेळी कोल्हापूरवाले शहाणे होते. दोघं वरून पडले, तो मान दुमडून खाली गेला, पण हात रेषेवर पोचवलाच. पंचांनी गुण दिले. पोरगा तसाच पालथा पडून राहिला आणि मला वाटलं, घड्याळ खातोय. हुशार आहे. मग उठला, स्टेडियम उभं राहिलं, मी पण राहिलो आणि माझी टोपी पुढच्या रांगेत गेली. ती अजून मिळालेली नाही.

काल मंगळवारी जेवायला आला. भंवरीनं दाल-बट्टी केली होती. साहेबांनी बट्टी डाव्या हातानं कुस्करली. मी म्हटलं, हे काय नवीन, तर म्हणे प्रशिक्षकांनी सांगितलंय, दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत. पाण्याचा पेला मात्र उजव्या हातातून सुटला, आमच्या दुकानातला जड पेला, थेट भंवरीच्या पायावर. ती म्हणाली, हात गळाला का रे तुझा. तो हसला. आजकालची पोरं दिवसभर मोबाइल धरून बसतात, बोटांत जोर कुठून येणार.

हिलालबद्दल मी माझा शब्द मागे घेतो. अर्धा. त्यानं रविवारी तीन पकडी केल्या, पण दोन वेळा समोरचा स्वतःच घसरला होता.

पुखराज


जळगाव
९ डिसेंबर २०२४

पुखराज,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

तो पालथा पडला तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. साबेरानं पाठमोरंच विचारलं, उठला का? मी म्हटलं, उठतोय. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घड्याळ खातोय, डाव आहे तो. बघ, तू आणि मी एकच वाक्य बोललो. पण मी मोजत होतो, पुखराज. अकरापर्यंत मोजलं. घड्याळ खाणारा पोरगा एक डोळा उघडा ठेवतो, आपणही ठेवायचो. त्याचे दोन्ही मिटलेले होते.

मी त्याला फोन केला. म्हणाला, मामू, काही नाही, जरा आखडलंय. आवाज नेहमीचा होता. पण फोनवर माणूस पाहिजे तसा आवाज काढतो. तू समोर आहेस. त्याला जवळ बसव, मान डावी-उजवी वळवायला सांग आणि पेला हातात दे. डाव्या हाताचं ते प्रशिक्षकांचं मला पटलं नाही. जेवताना कुठला प्रशिक्षक हात शिकवतो?

प्लेऑफचा हिशोब मी मांडलाय. उरलेल्या पाचपैकी चार जिंकलो तर नक्की, तीन जिंकलो तर पुण्यावर अवलंबून. पण ते नंतर. आधी मानेचं लिही. लवकर.

असलम


धुळे
१८ डिसेंबर २०२४

असलम,

तुझी काळजी वाचून भंवरी म्हणाली, मामा असावा तर असा. तर ऐक. मी पोराला गेल्या गुरुवारी स्वतः डॉक्टरांकडे नेलं. ओळखीचे आहेत, आमच्याकडूनच त्यांच्या घरची भांडी जातात. त्यांनी नीट तपासलं. स्नायू आखडलाय म्हणाले. गोळ्या दिल्या, शेक द्यायला सांगितलं. झालं. साबेराला सांगून टाक.

आता खेळाचं. मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं की आपण सुपडूवर अन्याय करतोय. धुळ्याचं पोरगं आहे, पाय चपळ आहेत, बोनस तर हमखास आणतो. रोज डुबकी मारूनच जिंकायचं असं कुठे लिहिलंय? बोनस-बोनस करतही सामना काढता येतो. नाशिकनं मागच्या साली तसाच काढला होता. माझं म्हणणं, उरलेल्या सामन्यांत रेहानला दोन-तीन वेळा बाहेर बसवावं आणि सुपडूला खेळवावं. मोठ्या खेळाडूला विश्रांती देतात, त्यात कमीपणा नाही. तू रेहानला तसं सुचवून बघ. तुझं तो ऐकतो. माझं ऐकत नाही.

चुडामण परवा दुकानात आला होता, आईसाठी परात घ्यायला. जाताना थांबला आणि म्हणाला, "शेठ, पोऱ्या काहीतरी दपाडी राहिना." मी म्हटलं, सगळीच पोरं काहीतरी लपवतात. परातीचा डाग बघ म्हटलं आणि विषय बदलला.

आपण चौथे आहोत. थंडी फार पडलीय. मला झोप लागत नाही, वय झालं.

पुखराज


जळगाव
२३ डिसेंबर २०२४

पुखराज,

सुपडू? महिन्यापूर्वी तू त्याला घरी पळणारा म्हणत होतास. आता त्याच्यावर अन्याय होतोय?

मी तुला पन्नास वर्षं ओळखतो. शाळेच्या मैदानावर आपण एकाच बाजूनं खेळलो, तुझ्या लग्नाच्या गाद्या मी शिवल्या. म्हणून स्पष्ट विचारतो, तुझ्या कानात कोणी काय भरलंय? धुळ्यातले लोक बोलत असतील की जळगावचा पोरगा डोक्यावर बसला, आपल्या जवळचा कोणी पुढे आणा. बोलू देत. पण त्या बोलण्यावर तू सही करावीस? रेल्वेवाले सेमीफायनलला येणार, त्याच्या आधी पोराला बाकावर बसवायचं आणि मीच त्याला ते सुचवायचं. शेजारच्यानं लिहिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं. तू लिहिलंस, म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी ठीक सांगितलंय ना? मग खेळू दे त्याला. साबेराला मी तुझा निरोप दिला. ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, पुखराजभाई स्वतः घेऊन गेले, मग मला कशाची भीती. तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

मी रागात लिहिलंय. माफी पुढच्या पत्रात मागीन, या पत्रात नाही.

असलम


धुळे
३१ डिसेंबर २०२४

असलम,

तुझं बरोबर. सुपडूचं मी उगाच लिहिलं. माझ्या कानात कोणी काही भरलेलं नाही, शपथेवर सांगतो. तो विषय सोड.

रविवारी पुण्याला हरवलं आणि आपण प्लेऑफमध्ये गेलो. रेहानचे तेरा गुण. तू पाहिलंच असशील. डुबकी त्यानं मारली नाही, नुसत्या हातस्पर्शानं गुण आणले आणि सगळे डावखुरे. समालोचक म्हणाला, काय विविधता आहे. माझ्या शेजारी बसलेले टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत, हातमोजे घातले होते.

आज मंगळवार, जेवायला आला होता. भात खाल्ला, चमच्यानं. निघताना जॅकेटची चेन त्याला लागेना. भंवरीनं लावून दिली, लहान मुलाला लावतात तशी. तो म्हणाला, थंडीनं बोटं आखडतात. मी म्हटलं, हो, थंडी फार आहे.

सेमीफायनल शनिवारी, अकरा जानेवारीला, धुळ्यातच. समोर पुन्हा पुणे. त्यांची साखळी सगळ्यात जड आहे, नव्वद-नव्वद किलोचे दोघं मध्ये असतात. मी या वेळी फार काही लिहीत नाही. दुकानात माल आलाय.

पुखराज


जळगाव
४ जानेवारी २०२५

प्रिय पुखराज,

ही माफी. पूर्ण मागतो, अर्धी नाही. तू हिलालबद्दल अर्धा शब्द मागे घेतला होतास, माझं तसं नाही. तू स्वतः पोराला डॉक्टरकडे नेलंस, दर आठवड्याला जेवू घालतोस आणि मी तुझ्यावर संशय घेतला. लाज वाटते.

इकडे वातावरण बघायला तू पाहिजे होतास. आमच्या गल्लीत पोरांनी फलक लावलाय, रेहानचा फोटो आणि खाली नाव, त्यात माझंही बारीक अक्षरांत. असोद्याहून केळीवाले चुडामणचे पाहुणे येऊन गेले, ते म्हणतात पाच गाड्या भरून येणार. वाद एकच चाललाय, पुण्याची साखळी कशी फोडायची. मिसबाह, माझी थोरली, कॉलेजात जाते ना, तिनं कागदावर बाण काढून मला समजावलं की चुडामणनं आधी दोन चढायांत त्यांचा उजवा कोपरा बाद केला की साखळी मधून सैल पडते, आणि मग रेहाननं डुबकी मारायची. मी तेच रेहानला फोनवर सांगितलं. म्हटलं, सेमीफायनलला डुबकी पाहिजे, रेल्वेवाले तीच बघायला येणार. तो म्हणाला, हो मामू.

एक गंमत लिहितो. काल साबेरा मिसबाहचा फोन घेऊन बसली होती. मी विचारलं, कोणाला लावतेस? म्हणाली, पुखराजभाईंना एकदा विचारते, तो जेवतो कसा, झोपतो कसा. नंबर लावलाही होता. मी फोन काढून घेतला. म्हटलं, बाई, नऊपैकी आठ जिंकलोय, आता शेवटच्या आठवड्यात नियम मोडतेस? विचारायचं ते पत्रात लिहितो. तिनं पुन्हा खोळी हातात घेतली. तर विचारतोय, तो जेवतो कसा, झोपतो कसा?

तुझा,
असलम


धुळे
९ जानेवारी २०२५, गुरुवार

असलम,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. साबेराच्या फोनचं वाचलं आणि मी दुकानाचं शटर पाडून आत बसलो. तिनं विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. पत्रात येतं, तेच मी महिनाभर करतोय.

डॉक्टरांनी स्नायू आखडला असं म्हटलं नाही. त्यांनी यंत्रात फोटो काढला आणि मला आत बोलावलं. मानेतला मणका सरकलाय आणि आतल्या नसेवर दाबतोय. हात म्हणून बधिर पडतोय. ते म्हणाले, खेळ आजपासून बंद, शस्त्रक्रिया करावी लागेल. पुन्हा मान तशी दुमडली तर हा मुलगा मानेखाली हलणार नाही, कदाचित श्वासही स्वतःचा घेणार नाही. हे त्यांनी रेहानसमोर सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं. तो कागद माझ्या गल्ल्यात आहे.

बाहेर आल्यावर रेहाननं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या उजव्या हाताची पकड मला जाणवलीच नाही. म्हणाला, "मामा, एक महिना. रेल्वेचं होऊ दे, मग जिथे म्हणाल तिथे झोपतो. अम्मीला कळलं तर ती मला घरात कोंडेल आणि आयुष्यभर खोळी शिवेल." मी शब्द दिला.

त्याच्यावर ढकलत नाही. तो बावीस वर्षांचा आहे, मी बासष्टचा. मला मोडता आला असता तो शब्द. खरं असं आहे की आपण चौथे होतो आणि मलाही सेमीफायनल पाहिजे होती. धुळ्यात पहिल्यांदा. मी स्वतःला सांगत राहिलो की डुबकी मारली नाही तर काही होत नाही. सुपडूचं लिहिलं ते एवढ्याचसाठी, सरळ सांगायची हिंमत नव्हती. तू रागावलास आणि मला बरं वाटलं. वाटलं, चला, आपण प्रयत्न केला.

आता तू त्याला डुबकी मारायला सांगितलीस आणि तो हो म्हणालाय.

मी त्याच्या मुक्कामावर गेलो होतो. संघाला कोणाला भेटू देत नाहीत, कप्तान सोडून सगळ्यांचे फोन काढून घेतलेत. प्रशिक्षकांना गाठायला पाहिजे, कागद दाखवायला पाहिजे. दारापर्यंत गेलो, आत पोरं गाणी म्हणत होती, परत आलो. तुझा नंबर दोनदा काढला. दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. मी मनात नियमाचं नाव घेतलं, पण नियम नव्हता तो, असलम. तुझा आवाज ऐकायची भीती होती.

हे पत्र आताच स्पीड पोस्टानं टाकतो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, शनिवारी दुपारच्या आत तुझ्या हातात पडेल. सामना संध्याकाळी सातला आहे. वाचलंस की क्षणभर थांबू नको. नियम गेला चुलीत. प्रशिक्षकांना फोन कर, चुडामणला कर. तू मामा आहेस, तुझं नाव सांगितलंस की त्याला बाहेर काढतील. मी स्टेडियममध्ये जाणार नाही. माझ्यानं बघवणार नाही.

साबेराला काय सांगायचं ते तू ठरव.

पुखराज


नाशिक
१४ जानेवारी २०२५

प्रिय पुखराज,

तुला शनिवारपासून फोन लावतोय. बंद येतो. आपण जिंकलो म्हणे दोन गुणांनी, फायनल बाकी आहे, म्हणून तू अजून नियम पाळतोयस का? अरे वेड्या, आता कसला नियम. भंवरीवहिनींना लावला तर म्हणाल्या, ते आजारी आहेत, भिंतीकडे तोंड करून पडलेत, कोणाशी बोलत नाहीत. मला कळतं तुझं काय होतंय. म्हणून लिहितोय. चुडामण काल आला होता, आज दुपारी धुळ्याला परत निघालाय, त्याच्या हाती देतो. संध्याकाळी तुझ्या घरी पोचेल.

मी शनिवारी धुळ्यात होतो. तुला चकित करायचं होतं. साबेरा आदल्या रात्रभर जागी होती, पहाटे म्हणाली, मी आज पाठ करून बसणार नाही, समोर बसून बघणार. मग मी आलो की आपण हरतो हे बाजूला ठेवून आम्ही सकाळचीच बस धरली. मिसबाहला घरी ठेवलं. स्टेडियममध्ये तुझी जागा शोधली, ती रिकामी होती. मला वाटलं, प्रसाद वाटत फिरत असशील.

चार मिनिटं उरली होती. तिसरी चढाई. मिसबाहनं कागदावर काढलं होतं अगदी तसंच झालं, चुडामणनं उजवा कोपरा बाद केला, साखळी मधून सैल पडली आणि रेहान खाली वाकला. मी उभा राहून ओरडलो, मार. त्याला माझा आवाज ओळखू आला. त्यानं माझ्याकडे बघितलं असं मला वाटतं. मग ते दोघं त्याच्यावर आले.

साबेरानं विचारलं, उठला का? समोर बसून, डोळ्यांनी बघत असून विचारलं.

धुळ्यातून त्याला लगेच इकडे आणलं. डॉक्टर म्हणतात, मानेखाली काही नाही. घशात नळी आहे, यंत्र श्वास देतं. बोलता येत नाही, पण सगळं कळतं, डोळे फिरतात. आम्ही नावं घेतो आणि तो पापण्या मिटतो. तुझं नाव घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, थांबेना. नर्सबाईंनी पुसलं. साबेरा म्हणाली, बघा, किती जीव आहे त्याचा पुखराजभाईंवर.

इथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का. मी म्हटलं, महिन्यापूर्वी मान आखडली होती, आमच्या मित्रानं स्वतः दाखवून आणलं, स्नायू आहे असं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तो फोटो मिळाला तर बघू. तुझ्याकडे असेल तर चुडामणकडून उद्या परत पाठव.

पुखराज, तू स्वतःला खाऊ नको. डुबकी मार म्हणून मी सांगितलं होतं, तू नाही. ओरडलो मी. तू तर त्याला बाकावर बसवा म्हणत होतास आणि मी तुला नाही नाही ते लिहिलं. साबेरा प्रत्येकाला सांगते, धुळ्यात त्याला बाप मिळाला होता. तू उठ, जेव, आणि इकडे ये. तिला तू इथे पाहिजेस.

काल मिसबाहचा फोन आला. तुझं पत्र शनिवारी दुपारी बाराला घरी आलं होतं. माझं पत्र कोणी फोडायचं नाही अशी घरात शिस्त आहे, म्हणून तिनं ते तसंच कपाटात ठेवलं. जाड आहे म्हणाली, तुझं एवढं मोठं पत्र पहिल्यांदाच. सामन्याआधी काय काय लिहिलं असशील, मला अंदाज आहे. रेहानला तुझी पत्रं ऐकायला फार आवडतात, मी ती त्याला फोनवर वाचून दाखवायचो.

मिसबाह उद्या सकाळच्या गाडीनं ते घेऊन येतेय. आम्हाला दहाला आत सोडतात. साबेरानं डॉक्टरांना विचारून परवानगी काढलीय. ती त्याचा हात हातात घेऊन बसेल आणि मी उशाशी उभा राहून तुझं पत्र मोठ्यानं वाचीन. ती म्हणाली, भाई, पहिल्या ओळीपासून वाचा, एकही शब्द गाळू नका.

तुझा,
असलम